लाल पुठ्ठ्याची वही



आमच्या खोलीत चहासाखरेच्या डब्यांशेजारी फळीवर एक लाल पुठ्ठ्याची वही असते. आम्ही पडलो छापखान्याच्या बाइंडिंग खात्यातले कामगार, त्यामुळे घरात वह्यांना कधी तोटा पडला नाही. उरलेसुरले कागद मालकांना विचारून आणायचे, जुळवायचे, शिवायचे, खळ लावून पुठ्ठा चढवायचा. मुलांच्या शाळेच्या वह्या आम्ही अशाच बांधत आलो. ही वहीही त्यातलीच. पण हिच्यात गृहपाठ नाही की दुधाचा हिशेब नाही. २०२० साली, महामारीच्या वर्षात, आमच्या घराला कोणी काय दिले आणि आमच्या घराने कोणाला काय दिले, याची ती नोंद आहे. दरवर्षी भीमजयंतीच्या आधीच्या रविवारी आमची आई नातीला समोर बसवून ती पहिल्या पानापासून वाचून घेते. वाचायला तास-दीड तास लागतो. मध्ये कोणी उठायचे नाही, टीव्ही लावायचा नाही. यंदा वाचून झाल्यावर आई आम्हाला म्हणाली, “पेपरात जगाचं लिवतोस, हे बी लिव की येकदा.”

म्हणून आजचा लेखांक. ज्यांचा उल्लेख यात आहे त्यांच्यापैकी जे भेटले त्यांना विचारूनच लिहीत आहोत. नावे कोणाचीच घातलेली नाहीत. ती वहीत आहेत.

मुंबईत चेंबूरकडे आमची दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा. त्या वर्षी खोलीत सहा माणसे होती. आई, आम्ही, पत्नी, दहावीला बसलेली मुलगी आणि सहावीतला मुलगा. सहावा पत्नीचा भाऊ, मुलांचा मामा. तो सफाई कामगार. त्याची बायकामुले मार्चच्या आरंभी गावी लग्नाला गेली ती तिकडेच अडकली, म्हणून जेवायला-झोपायला तो आमच्याकडे.

२१ मार्चला छापखान्याला कुलूप लागले. मुलीचा शेवटचा पेपर भूगोलाचा, तो २३ तारखेला होता. तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. पोरीने भारताचे आणि ब्राझीलचे नकाशे भरून भरून रंगीत पेन्सिली संपवल्या होत्या. पुढे कित्येक दिवस ती म्हणायची, “पप्पा, माझा ब्राझील वाया गेला.”

२२ मार्चला रविवारी संध्याकाळी पाच वाजता सगळीकडे थाळ्या वाजल्या, हे वाचकांना आठवत असेलच. आमचा मुलगाही ताट-चमचा घेऊन गॅलरीत धावला. मामा सकाळची पाळी करून पोटमाळ्यावर पडला होता. त्याने वरूनच विचारले, “कुणासाठी रे वाजवतोस?” मुलगा म्हणाला, “डॉक्टर, नर्स आणि सफाई कामगारांसाठी. म्हणजे मामा, तुझ्यासाठी!” मामा म्हणाला, “मग वाजव जोरात. आणि जमलं तर एक जोड हातमोजे पण बघ.”

२४ तारखेला रात्री आठ वाजता घोषणा झाली. त्या मध्यरात्रीपासून एकवीस दिवस सगळे बंद. आमच्याजवळ रोख अकराशे रुपये होते. किराणा दुकानापुढे ही गर्दी. आमचा नंबर लागला तेव्हा आम्ही दोन किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ मागितली. शेठने आमच्याकडे पाहिले आणि काही न विचारता दहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ, तेल, साखर, साबण असे सगळे बांधून दिले. म्हणाला, “काम सुरू झालं की बघू.” त्याच्या डोक्यावर ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी आम्ही वीस वर्षे वाचत आलो होतो.

त्या रात्री सामान उतरवताना आईने नातीला हाक मारली. “पोरी, येक कोरी वही घे. त्या शेठचं नाव लिव. आनि आजपासून जो कुनी देईल त्याचं नाव लिवत जा.”

आम्ही म्हणालो, “अगं आई, उधारी आहे ती. त्याच्याकडे लिहिलेली आहेच.”

“उधारी त्याच्याकडं लिवल्याली हाय. त्यानं न मागता दिलं, ते कुठं लिवलंय?”

आणि मग तिने एक हकीगत सांगितली. आम्ही पन्नाशीला आलो, पण ती आम्हीही तोवर ऐकली नव्हती. १९७२ च्या दुष्काळात ती माण तालुक्यात खडी फोडण्याच्या कामावर होती. कडेवर आमची थोरली बहीण. एका दुपारी उन्हाने आणि उपाशीपोटी ती खडीच्या ढिगाशेजारीच कोसळली. दुसऱ्या कुठल्या गावची एक बाई धावून आली. तिने आपल्या वाट्याच्या सुकडीतली निम्मी सुकडी आईच्या पदरात घातली आणि पाणी दिले. आई म्हणाली, “पानी तिनं वरनं वतलं न्हाई. तांब्या माज्या हातात दिला.” त्या काळी, त्या मुलखात, याचा अर्थ काय हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. पुढच्या आठवड्यात काम दुसरीकडे हलले आणि ती बाई पुन्हा दिसली नाही. “पन्नास वर्सं हुत आली. बाई डोळ्यांम्होरं हाय, पन हाक मारायला नाव न्हाई. मी इचारलंच न्हाई.”

मुलीने वही आखली. डाव्या पानावर मिळालेले, उजव्या पानावर दिलेले. आईची अट एकच, घरच्या माणसांचे लिहायचे नाही.

पहिल्या महिन्याची डावी पाने भरगच्च आहेत. पत्नी तीन घरी स्वयंपाक-भांडी करते. एका घराने मार्च ते जून पूर्ण पगार दिला, तोही दर महिन्याच्या पाच तारखेला, आठवण न करता. दुसऱ्याने निम्मा दिला. तिसरे म्हणाले की कामच नाही तर पगार कसला. मुलीने आजीला विचारले, “यांचं काय लिहू?” आजी म्हणाली, “काय दिलं?” “काही नाही.” “मग काय बी लिवू नगं. ही तक्रारीची वही न्हाई.” आमच्या मनात मात्र ते घर अजून आहे, हे कबूल केले पाहिजे. आईइतके मोठे मन आमचे नाही.

एप्रिलमध्ये रेशनवर माणशी पाच किलो तांदूळ फुकट मिळाला. आमच्या कार्डावर पाच नावे, म्हणजे पंचवीस किलो. पाठीमागच्या गाळ्यात जरीकाम करणारी बिहारची चार मुले होती. त्यांचे कार्ड गावाकडे, इथे त्यांना धान्य नाही, मालकाचा फोन बंद. दुपारी ती पाच रुपयांच्या शिवभोजन थाळीच्या रांगेत उभी राहत, रात्री पाणी पिऊन झोपत. मुलीने उजव्या पानावर पहिली नोंद केली ती यांच्या तांदळाची, चार किलो. मे महिन्यात ती मुले श्रमिक गाडीने गावी गेली. जाताना शिलाईची एक छोटी कात्री मुलीला देऊन गेली, म्हणजे पुन्हा डावे पान.

याच दिवसांत घरात एक प्रसंग घडला. मामा रोज कामावर जाणारा, कचऱ्यात हात घालणारा. त्यानेच सांगितले की माझे ताट-तांब्या वेगळा ठेवा, मी पायरीवर बसून जेवतो. पत्नीने भावाचे ताट वेगळे काढले. आईने ते पाहिले मात्र, तिने भिंतीकडे तोंड केले आणि जेवायला उठेना. खूप विनवल्यावर बोलली, “माज्या घरात माणसाचं येगळं ताट? गावात आमची कपबशी वळचणीला खोचल्याली असायची. त्यातनं उठून इथवर आलो ते ह्याच्यासाठी?”

खोलीत कोणाला काही बोलता येईना. शेवटी मुलगी आजीजवळ बसली. तिने सांगितले, हा आजार नाकातोंडातून उडणाऱ्या थेंबांतून जातो, हातातून जातो, साबणाने मरतो. तो जात विचारत नाही. मामा आपल्याला जपतो म्हणून लांब बसतो. आईने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “मग समद्यांचीच येगळी करा.” त्या रात्रीपासून सहा माणसांची सहा ताटे झाली, प्रत्येकाने आपले आपण घासायचे. ती पद्धत आमच्या घरात आजही चालू आहे. पत्नी म्हणते, महामारीने एवढे एक तरी बरे केले. आम्ही त्यावर बोलत नाही, मुकाट्याने ताट घासतो.

त्या वर्षीची भीमजयंती कोणी विसरेल असे वाटत नाही. १४ एप्रिलला सकाळी दहा वाजताच टीव्हीवर टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढल्याचे कळले. आमच्या मंडळाची वर्गणी मार्चमध्येच जमली होती. मिरवणूक नाही, मंडप नाही. मंडळाच्या मुलांनी त्या पैशांतून तांदूळ, डाळ, तेल यांच्या पिशव्या केल्या आणि ज्यांची चूल बंद पडली होती त्या चाळीस घरांच्या दाराशी ठेवल्या, घर कोणत्या समाजाचे हे न पाहता. सायंकाळी सर्व कुटुंबे आपापल्या उंबरठ्यावर उभी राहिली. मंडळाचे एक ज्येष्ठ भोंग्यावरून सांगत होते आणि दारादारांतून त्रिशरण-पंचशील म्हटले जात होते. एरवी डीजेच्या आवाजात आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या म्हातारबाबांचा कापरा आवाजसुद्धा स्पष्ट ऐकू आला. खिरीला दूध नव्हते. शेजारून दुधाच्या भुकटीचे पाकीट आले. ते डाव्या पानावर आहे.

आता संडासाच्या माणसाबद्दल. आमच्या चाळीत चाळीस खोल्यांना आठ संडास. त्या महिन्यांत सर्वात मोठे भय त्याच जागेचे होते. रोज पहाटे पाठीवर पंप बांधून एक माणूस यायचा, आठही संडास धुवायचा, दारांच्या कड्या पुसायचा, जंतुनाशक फवारायचा आणि निघून जायचा. एक दिवसही चुकला नाही. आईने नातीला विचारले, “त्याचं नाव काय?” नातीला ठाऊक नव्हते, आम्हाला नव्हते, चाळीत कोणालाच नव्हते. ज्या घरात सफाई कामगार भाऊ जेवायला बसतो, त्या घरालाही आपला संडास धुणाऱ्याचे नाव ठाऊक नव्हते. मुलगी दुसऱ्या दिवशी पहाटे उठून वही-पेन घेऊन गेली आणि म्हणाली, “काका, तुमचं नाव सांगता का? लिहून घ्यायचंय.”

तो माणूस घाबरला. पंप खाली ठेवून म्हणाला, “काय झालं? काही राहिलं का धुवायचं? तक्रार नका करू ताई, मी परत धुतो.”

मुलगी रडत घरी आली. मग आम्ही स्वतः गेलो, वही दाखवली, कशासाठी नाव हवे ते सांगितले. त्याने मास्क खाली न करता नाव सांगितले, आडनाव सांगितले, आणि वहीकडे बघत विचारले, “हे कुठं दाखवणार नाही ना?”

जूनमध्ये आमच्या समोरच्या खोलीत आजार आला. रिक्षा चालवणारे गृहस्थ, त्यांची पत्नी आणि दोन मुले. आम्ही तिला वहिनी म्हणतो. पतीला ताप आला, तपासणीत आजार निघाला, मागोमाग वहिनींनाही. रुग्णवाहिका आली, गल्लीच्या तोंडाला बांबू बांधले, चौघांनाही नेले. सोळा-सतरा दिवसांनी चौघे बरे होऊन परत आले. घरी येऊ देण्याचा कागद त्यांच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता नळाला पाणी आले. वहिनी हंडा-कळशी घेऊन आल्या तसे बायांनी आपापले हंडे बाजूला ओढले. कोणीतरी म्हणाले, “तुम्ही सगळ्यांच्या शेवटी भरा.” दुसरी म्हणाली, “आणि संडास शेवटचा वापरा.” रांगेत आमची पत्नीही होती. ती काही बोलली नाही. आम्ही गॅलरीत दात घासत उभे होतो. आम्हीही बोललो नाही. त्यांची पाळी आली तेव्हा पाणी गेले होते. वहिनी रिकामा हंडा घेऊन वर गेल्या आणि आम्ही आमची त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली. ती पुढे महिनाभर बंदच राहिली.

वाचकहो, ही चाळ आपल्या लोकांची आहे. जिन्यात महाडच्या चवदार तळ्याचे रंगीत चित्र लावलेले आहे. नळ त्या चित्राच्या बरोबर खाली आहे.

जुलैच्या एकवीस तारखेला आम्ही पडलो. आधी अंगदुखी, मग ताप. मंडळाच्या मुलांनी बोटाला यंत्र लावले तर आकडा ८८. मैदानावर तंबू ठोकून उभारलेल्या एका कोविड केंद्रात आम्हाला नेले. तेव्हा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, गोरेगावच्या नेस्कोत, वरळीच्या डोममध्ये अशी मोठी केंद्रे उघडली होती. पत्नीचीही तपासणी सदोष निघाली, पण त्रास कमी होता. तिला दुसऱ्या केंद्रात नेले. घरात म्हातारी, दोन मुले आणि पहाटे पाचला कामावर जाणारा मामा.

केंद्रातल्या दिवसांचे फार काही आठवत नाही. प्राणवायूची नळी, डोक्यावर पांढरे छत, आणि सगळी माणसे सारखी, पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कपड्यांत बंद. कोण डॉक्टर, कोण वॉर्डबॉय, ओळखायला छातीवर स्केचपेनने नाव लिहिलेले असे. त्यामुळे नाव विचारायची गरजच नव्हती. आम्ही ती नावे पाठ करत पडून राहायचो, आईने विचारले तर सांगता यावीत म्हणून. एका रात्री श्वास फारच लागला तेव्हा कोकणातली एक सिस्टर पहाटेपर्यंत पालथे झोपवून पाठीवर हात ठेवून उभी होती. तिचे नाव वहीत दोनदा लिहिले आहे.

तिथे पडल्या पडल्या सावित्रीबाईंची आठवण यायची. १८९६ साली याच मुंबईत, मांडवीत, प्लेग सुरू झाला आणि पुढे पुण्यात पोहोचला. सावित्रीबाई तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. डॉक्टर झालेल्या यशवंताला त्यांनी बोलावून घेतले, त्याने गावाबाहेर दवाखाना काढला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी पोराला त्यांनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणले, आणि १० मार्च १८९७ रोजी त्या स्वतः प्लेगने गेल्या. त्या पोराचे नाव पांडुरंग बाबाजी गायकवाड. सव्वाशे वर्षांनंतरही ते नाव आपल्याला ठाऊक आहे, म्हणजे तेही कोणीतरी लिहून ठेवले होते.

आम्ही ४ ऑगस्टला घरी आलो. पत्नी आमच्या आधी दोन दिवस आली होती. अंगात उठून बसायचेही बळ नव्हते. मुलगी म्हणाली, “पप्पा, वही वाचा.” वाचू लागलो.

डाव्या पानावर २२ जुलै : ‘समोरच्या वहिनींनी पहाटे आपले पिंप आणि दोन हंडे पाणी भरले.’ २३ जुलै : ‘वहिनींनी पाणी भरले. आजीसाठी मऊ भात आणि कढी. आजीचे पाय चोळले.’ २४ जुलै, २५ जुलै, तेच. २९ जुलै : ‘दहावीचा निकाल लागला. आपल्या फोनमध्ये पैसे संपले होते. वहिनींच्या फोनवर बघितला. ८१ टक्के. पेढे नव्हते, वहिनींनी हातावर साखर ठेवली.’ भूगोलाला इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले होते, असेही कंसात लिहिले होते. असे बारा दिवस. वहिनी म्हणाल्या होत्या म्हणे, “मला होऊन गेलंय, मला आता भीती नाही.”

हे वाचून आम्ही मागची पाने उलटली. जूनमध्ये एक उजवे पान होते. दिलेल्याच्या बाजूचे. वर तारीख, आणि खाली मुलीच्या अक्षरात दोन ओळी : ‘आज नळावर समोरच्या वहिनींना शेवटी उभे केले. आपल्या घरातून कोणी काही बोलले नाही.’ त्याच्या खाली बारीक अक्षरात : ‘आजीने सांगितले म्हणून लिहिले.’

म्हणजे आईला तेव्हाच कळले होते. ती आम्हाला एका शब्दाने बोलली नव्हती.

आईला विचारले, “ही तक्रारीची वही नाही म्हणालीस ना?” ती म्हणाली, “दुसऱ्याची तक्रार न्हाई लिवायची. आपलं लिवाया कुनी आडवलंय?”

त्या संध्याकाळी पत्नी समोरच्या दारात गेली. आम्ही आत पडलेलो, पण दोन्ही दारे उघडी, त्यामुळे सगळे ऐकू येत होते. पत्नीला बोलताच येईना. नुसते “वहिनी, त्या दिवशी नळावर...” एवढेच म्हणून ती थांबली. वहिनी भांडी लावत होत्या. म्हणाल्या, “ताई, त्याचं काय घेऊन बसलात. मी तरी काय? मार्चमध्ये तुमच्या भावाला मीच जिन्यात हटकलं होतं, कचऱ्याच्या कपड्यांनी पोरांच्या अंगावरून जाऊ नका म्हणून. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?” मामाने खरोखरच सांगितले नव्हते. पायरीवर बसून जेवायचे त्याने कशामुळे ठरवले, ते आम्हाला त्या दिवशी कळले. मग वहिनी म्हणाल्या, “चहा टाकते. साखर आहे का घरात? माझी निकालाच्या दिवशी संपली.”

पुढे अशक्तपणात विहारातल्या एका वर्षावासातले प्रवचन आठवले. जगात दोन माणसे दुर्मिळ, असे तथागतांनी सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आहे : एक, आपण होऊन आधी उपकार करणारा, दुसरा, झालेला उपकार जाणून त्याची फेड करणारा. या दुसऱ्यासाठी पालीत शब्द दोन आहेत, कतञ्ञू आणि कतवेदी. पहिला म्हणजे केलेले जाणणारा, दुसरा म्हणजे ते जाणल्याचे वागण्यातून दाखवणारा. आम्ही आजवर दोन्हींचा अर्थ एकच धरून चाललो होतो.

तेव्हापासून त्या वहीत आणखी एक रकाना पडला, फेडीचा. काही नोंदी लवकर मिटल्या. शेठची उधारी आठ हजार चारशे साठ रुपये झाली होती. छापखाना ऑगस्टअखेरीस निम्म्या पगारावर उघडला. लोकलगाड्या जूनपासून अत्यावश्यक सेवेपुरत्याच चालू होत्या आणि आमचे काम कोणाच्या दृष्टीने अत्यावश्यक नव्हते. सर्वांसाठी त्या उघडल्या १ फेब्रुवारी २०२१ ला, तोवर बेस्टच्या बसने दोन-दोन तास. तरी फेब्रुवारीत शेठचा शेवटचा हप्ता गेला. त्याने खोडलेला कागद आमच्या हातात दिला, तो वहीत चिकटवला आहे. पूर्ण पगार देणाऱ्या घरातले आजोबा २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत गेले. घरातली बाकी माणसेही आजारी. पत्नीने पंधरा दिवस दोन वेळचा डबा त्यांच्या दाराशी नेऊन ठेवला. जरीकाम करणाऱ्यांपैकी एक मुलगा २०२२ मध्ये परत आला, येताना आईसाठी सत्तूचे पीठ घेऊन आला. आता ते कोणत्या पानावर लिहायचे यावर आजी-नातीत वाद झाला.

केंद्रातल्या सिस्टरला शोधणे शक्य नव्हते. केंद्र उठले, मैदान मोकळे झाले. मुलीने बारावीनंतर परिचारिकेचा अभ्यास धरला, त्यामागे ती सिस्टर आहे की नाही हे ती सांगत नाही आणि आम्ही विचारत नाही. आईने मात्र त्या नोंदीपुढे काही लिहू दिलेले नाही. “पोरगी आदी पास हू दे,” म्हणते.

वहिनींच्या नोंदीपुढेही काही लिहिलेले नाही, पण त्याचे कारण वेगळे. त्या आणि पत्नी रोज पहाटे नळावर एकत्र उभ्या असतात. कोणाचा हंडा कोण भरते, हे आता दोघींनाही सांगता येणार नाही.

राहिला तो पंपवाला माणूस. २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत तो येत होता, मग कंत्राट बदलले आणि दुसरी माणसे आली. आईने त्याच्यासाठी एक सदऱ्याचे कापड आणून ठेवले आहे, ते तिच्या पेटीत अजून तसेच आहे. यंदा वाचनाच्या वेळी त्याचे नाव आले तसे तिने मामाकडे पाहिले. मामा चौकीचौकीत विचारत असतो. परवा म्हणाला, कुर्ल्याच्या एका चौकीवर त्या आडनावाचा एकजण आहे, मुकादमाकडून कळले. चेंबूरला पूर्वी होतो असे तो सांगतो. येत्या रविवारी जाऊन बघणार आहे. कापड बरोबर ने, असे आईने त्याला दोनदा बजावले आहे.